मोत्याला माती

"पण आक्का, तुमचा महिना कुठला?"

गऊआक्का आखाड्याची माती चाळत होती. तिचा हात थांबला नाही.

"कसला महिना?"

"जन्माचा! ज्याचा जो महिना, त्याचा तो खडा. बाजारच्या दुकानात भिंतीवर एवढं मोठं चित्र लावलंय. जानेवारीला गोमेद, एप्रिलला हिरा, मेला पाचू, जुलैला माणिक, सप्टेंबरला नीलम..."

नंदाला दम निघत नव्हता. उजवा हात नाचवत सांगत होती. बोटात नवीकोरी अंगठी, अंगठीत मोती.

"आन् जूनला मोती. माझा जून!"

गऊआक्का म्हणजे पोरींच्या तालमीची वस्ताद. बापानं दार लावून शिकवलेली. बाईनं कुस्ती खेळायची नाही म्हणणाऱ्या गावानं आक्काचे कान बघावेत. कुस्तीत चेचून चेचून पार चपटे झालेले. त्यात कुडी बसत नाही.

नंदा तिची सगळ्यात तयार पोरगी. अंगात ताकद, डोळ्यात आग. पण अंगठी आल्यापासून डोक्यात वारं शिरलेलं.

आणि वेळ कसली? उद्या यात्रेतला कुस्त्यांचा फड. नंदाची जोड शेजारच्या गावच्या विमल कोळेकरशी. यात्रा कमिटीनं तोंडावर सांगून ठेवलेलं, यंदा पोरींनी गदा आणली तर तालीम राहील. नाहीतर शेडात मंडपाच्या कनाती ठेवू, आणि पोरींनी घरी जाऊन भाकरी थापावी.

असं तोंड वर करून सांगितलं होतं. बायकांच्या हातची भाकरी खाऊनच.

"हिरा कुणाला म्हणालीस?" आक्कानं विचारलं.

"एप्रिलवाल्यांना."

"आपल्या गावात एप्रिलचं कोण हाय?"

नंदा विचारात पडली.

"तू?"

"एक जून."

"तुझी आई?"

"एक जून."

"गुरवाचा शंकर?"

"एक... एक जून."

"सरपंच?"

बाकीच्या पोरी तोंडात ओढण्या कोंबून हसायला लागल्या.

शाळेत नाव घालताना पोर कधी जन्मलं हे आईला धड सांगता यायचं नाही. कुणी म्हणायची सुगीत, कुणी म्हणायची म्हैस व्याली त्याच्या आगंमागं. गुरुजी एक जून लिहून मोकळे. सगळ्यांना एकच माप.

"अख्खं गाव एका दिवसात जन्मलं म्हण की," आक्का म्हणाली. "त्या सुईणीचं काय हाल झालं असतील गं!"

आता नंदाही हसली. पण हटली नाही.

"तुम्ही करा चेष्टा. कागदावर जून म्हणजे जून. अंगठी घातल्यापासून मी एक जोड हरलेली न्हाई."

"कुणाबरोबर धरलीस?"

"ह्या पोरींबरोबर."

"हं... खोरं घे. माती उकर."

नंदानं उजवा हात पाठीमागं नेला.

"काय झालं?"

"मोत्याला माती चालत न्हाई आक्का. दुकानदारानं बजावून सांगितलंय. माती लागली की गुण जातो."

चाळणी थांबली.

पोरींचं हसू थांबलं. रोजची माती कुणी उकरायची, त्यात ताक-तेल-हळद कुणी कालवायची, यावरून आजवर भांडणं व्हायची ती मला करू दे म्हणून. मातीला हात लावत नाही असं त्या शेडात पहिल्यांदा कुणी म्हणालं होतं.

"म्हणून ह्या हातानं तू परवापासनं माती घेत न्हाईस व्हय..."

"डावा हाय की."

आक्का उठली, पदर खोचला, खोरं घेतलं आणि स्वतः माती उकरायला लागली. म्हातारीच्या घावागणिक माती उडत होती. नंदाच्या पायावर पडत होती. नंदा अंगठी जपत दोन पावलं मागं सरली.

...

दुसऱ्या दिवशी फडावर माणूस मावत नव्हता. झाडावर पोरं, ट्रॅक्टरवर माणसं, हलगी नुसती पेटलेली! पोरींची जोड पुकारली तशी शिट्ट्यांनी कान फुटायची वेळ. निम्मे लोक कुस्ती बघायला आलेले, निम्मे चेष्टा करायला.

"अंगठ्या, दोरे, काय असंल ते काढा!" पंच ओरडला.

नंदाचा चेहराच उतरला. हे तिच्या ध्यानातच नव्हतं. आजवर काढायला बोटात कधी काही नव्हतंच ना!

अंगठी काढून तिनं आक्काच्या हातात दिली. "आक्का, जपून. मातीत पडू देऊ नका."

तेवढ्यात विमल आली. भाऊ आला होता बरोबर, पण तो कुठंतरी गर्दीत. मैदानाच्या कडेला बाईमाणूस म्हणजे एकटी गऊआक्का.

"आक्का, माझीबी ठेवता?"

तिनं मूठ उघडली. अंगठी. अंगठीत मोती.

नंदा बघतच राहिली. "तुझा... जून?"

"एक जून," विमल म्हणाली. "बाजारच्या दुकानातनं घेतली. चित्र लावलंय बघ भिंतीवर, तिथनं."

आक्कानं दोन्ही अंगठ्या पदराच्या एकाच गाठीत बांधल्या.

"आक्का!" नंदा किंचाळली. "माझी तिच्या अंगठीबरोबर?"

"का? भांडत्यात का काय?"

सलामी झाली. हलगी कडाडली!

विमल पहिल्या झटक्यालाच पायात शिरली. नंदानं तिचा दंड धरला, सुटला. परत धरला, परत सुटला. उजवा हात घामानं निथळत होता. सगळ्या पैलवानांनी मैदानात उतरताना दोन्ही हातांना माती चोळली होती. हिनं डाव्यालाच चोळली. अंगठी बोटात नव्हती, तरी सवय बोटात होती.

नंदा खाली. पोटावर. विमल वर बसून उलटवायला बघतेय. माणसं उठून उभी राहिली. कमिटीतला एकजण मोठ्यांदा म्हणाला, "कनाती आणायला टेम्पो सांगा रं!"

हसली सगळी.

नंदा सरपटत सरपटत कडेला आली. विमल अंगावर तशीच. जोड मैदानाबाहेर गेली म्हणून पंचानं शिट्टी मारली. नंदाचं तोंड आक्काच्या पायाशी.

"आक्का... मोती..."

आक्कानं खाली बसून पदराची गाठ सोडली. तळहात पुढं केला. त्यावर दोन अंगठ्या, दोन मोती.

"तुझा कुठला?"

नंदानं डोळे फाडून बघितलं. एक मोती बघितला, मग दुसरा. परत पहिला. विमलही वाकून बघायला लागली. तिलाही कळेना.

"बोल लवकर. पंच बोलवतोय."

"आक्का..."

"कुठला गं?"

...

आक्कानं मूठ मिटली. दुसऱ्या हातानं आखाड्यातली मूठभर माती उचलली आणि नंदाच्या उजव्या हातावर ओतली.

नंदा त्या मातीकडं बघत राहिली. क्षणभरच. मग तिनं माती चोळली. तळव्याला, बोटांना, जिथं अंगठीचा पांढरा वळ होता तिथं तर जास्तच. चोळता चोळता उठली. थुंकली. मांडीवर अशी थाप मारली की झाडावरची पोरं गप्प झाली.

जोड परत मधे.

विमल परत पायात शिरायला आली. नंदानं दंड धरला. सुटला? कशाचा सुटतोय! विमलनं हिसडा दिला, दुसरा दिला. मातीचा हात चिकटला तो चिकटला. नंदानं कंबर आत घातली, पाय लावला, आणि मारला ढाक डाव! विमल हवेत गेली, पाय आभाळाला, आणि दाणकन पाठीवर.

चितपट!

काय तो आवाज! फेटे उडाले, हलगीवाला नाचायला लागला, तालमीच्या पोरींनी दोरी तोडून आत धाव घेतली. कमिटीचा अध्यक्ष गदा घेऊन आला. कनातीचं नाव कुणाच्या तोंडातनं निघेना. टेम्पो सांगणारा कुठं गेला तेही कळलं नाही.

नंदानं आधी विमलला हात देऊन उठवलं. विमल रडत होती. दोघी तशाच, नखशिखांत मातीनं माखलेल्या, आक्कासमोर येऊन उभ्या राहिल्या. तोंडं ओळखू येत नव्हती. नुसते चार डोळे.

आक्कानं मूठ उघडली. दोघींनी बघितलं. हात कुणीच पुढं केला नाही.

"आक्का," विमल हुंदका गिळत म्हणाली, "दोघींचा मोती. दोघींचा एक जून. मग ही कशी जिंकली?"

"जून खोटाच असंल," नंदा धापा टाकत म्हणाली. "गुरुजींनी लिहिलेला. आक्का, माझा खरा महिना कुठला असंल? मी जन्मले कधी, कोण सांगणार मला?"

आक्कानं अंगठ्या कमरेला खोचल्या, पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं. नंदाची हनुवटी धरली. नुकत्याच जन्मलेल्या पोराचे पुसतात तसे तिचे डोळे पुसले, नाक पुसलं, ओठांवरची माती काढली. मग विमलला जवळ ओढलं आणि तिचेही पुसले.

मग दोघींकडं बघत म्हणाली,

"आज तारीख काय हाय गं?"