कसरीनं खाल्लेलं पान

सापांना पुस्तकं ठाऊक नव्हती, त्या काळची गोष्ट. अंड्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या एका धामणीला एके सकाळी दिसेनासं झालं. डोळ्यांवर पांढरा पडदा आला होता.

"गेल्या जन्मीचं पाप!" कावळेबुवा म्हणाले. "डोळ्यांत रुईचा चीक घाल."

शाळेच्या भिंतीलगत रुई होती. धामण चाचपडत तिथं पोचली, तोच खिडकीतून आवाज आला, "अगं, थांब! चिकानं डोळे कायमचे जातील."

"तू कोण?"

"विज्ञानाच्या पुस्तकात राहणारी कसर. त्यात लिहिलंय, कात टाकण्याआधी सापाचे डोळे असेच पांढरे होतात."

"आणि पुढे?"

"पुढचं पान मी खाल्लं गं," कसर ओशाळून म्हणाली. "पण चीक कुठं पळून जातोय? आधी थांबून बघू."

"अर्धवट शहाणी!" कावळेबुवा कावकावले.

धामण घाबरली होती, तरी थांबली. काही दिवसांनी तिनं दगडाला तोंड घासलं. डोळ्यांवरच्या पापुद्र्यासकट अख्खी कात निघाली. रुईचं पान न् पान लख्ख दिसू लागलं.

तिनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि खिडकीत डोकं घातलं.

"अगंबाई! तू एवढीशी?"

"एवढीशीच. आता सगळं नीट सांग बघू, कात कशी निघाली? मलाही कळलेलं नाही."