दिवाणजींची रजा

कुडवळचे दिवाण भास्करपंत यांना स्वतःच्या गलबतांसाठी लाकूड हवं होतं. घाटातलं रान तोडायला निमित्त हवं, म्हणून ते दरबारात म्हणाले, "महाराज, तिथली उरलीसुरली काळी वानरं म्हणजे नुसती बांडगुळं. झाडांच्या जिवावर फुकट खातात. वानरं आणि रान, दोन्ही एकदम निकालात काढू."

सगुणा कोळीण पुढे झाली. तिचं गाव त्या रानातल्या झऱ्याचं पाणी पीत होतं. दरबारात रिकाम्या हातानं यायचं नाही, असा रिवाज. तिनं नजराणा ठेवला: वानराच्या विष्ठेतून उगवलेलं रोप आणि तपकिरी समुद्रशेवाळ. त्या शेवाळाच्या अंगात पाय रुतवून दुसरं, तसंच तपकिरी शेवाळ वाढलं होतं.

तिनं त्या दुसऱ्या शेवाळावर बोट ठेवलं. "महाराज, बांडगूळ हे. रंग धन्याचाच घेतं, म्हणून धन्याला कळत नाही. वानर खातं, पण झाडही लावून जातं."

पंत हसले. "हे सिद्ध कोण करणार?"

"सोपं आहे. बांडगूळ काढलं की धनी फोफावतो. वर्षभर वानरं रानातून हलवा आणि वर्षभर दिवाणजींना रजा द्या. मग काय सुकतं आणि काय फोफावतं ते बघा."

महाराजांनी थोडा विचार केला. वानरं पकडणं अवघड होतं, म्हणून त्यांनी सुरुवात दिवाणजींपासून केली.