भिंतीवर आपटणारे फासे

एका राज्यात, डोंगराच्या पोटात, एक द्यूतमहाल होता. त्याचा धनी कपिलाक्ष मांत्रिक. मेंढीच्या घोट्याची हाडं उधळण्याचा धनगरांचा साधाभोळा खेळ यानं उचलला, हाडं घासून चौकोनी केली, त्यांवर ठिपके कोरले. ज्याचे ठिपके जास्त, त्याची जीत. महालाची रीत अशी, की येणाऱ्यानं एक नवा नियम घालायचा आणि तो कायमचा पाळायचा. खेळ असाच वाढत गेला.

राजा रत्नशेखर तिथं गेला. काय तो तोरा! म्हणाला, "जिंकणारा हरेपर्यंत हरणाऱ्यानं उठायचं नाही." आणि बापडा स्वतःच हरला. बसला तो बसलाच, नजर फाशांवर खिळलेली.

इकडे राणी हेमलेखा रोज त्याचं पान वाढी, रोज उचलून ठेवी. झोपेत कूस बदलली की हात रिकाम्या उशीवर पडे. जीव नुसता तुटे हो तिचा!

एके दिवशी द्यूतमहालाच्या कमानीत राहणारी साळुंकी येऊन बोलली, "राणीसाहेब, त्या मांत्रिकाचे फासे एका बाजूनं जड आहेत. आपले कोरून न्या. त्यासाठी दात हत्तीकडून मागून आणा. समोरासमोरच्या ठिपक्यांची बेरीज सात ठेवा. मग खोल पाण्यात सोडा. बुडताना एकच बाजू सारखी वर राहिली, तर फासा खोटा."

हत्ती म्हणाला, "वडिलांचा गळालेला दात देतो. महाराज आठवतात कसे, ते सांग." राणी सांगत राहिली, सांज झाली तरी संपेना. हत्तीनं दात पुढं केला. तिनं फासे कोरले, पाण्यात सोडून पाहिले. खोटे निघाले ते फेकून पुन्हा कोरले.

राणी द्यूतमहालात आली, तरी राजानं मान वर केली नाही.

"नियम?" मांत्रिकानं विचारलं.

"फासे माझे. आणि ते समोरच्या भिंतीवर आपटून परत आले पाहिजेत."

मांत्रिकाचा चेहरा खर्रकन उतरला. बोटांची सगळी करामत भिंतीनं खाल्ली! त्यानं फासे टाकले. पडले आठ.

आता कुणाच्याच हाती काही नव्हतं. राणीच्या मनात आलं, हरले तर हरले; यांच्या शेजारी तरी बसेन. तिनं फासे भिरकावले. भिंतीवर आपटले, गडगडत आले.

नऊ.

राजाच्याच नियमानं कपिलाक्ष जागीच खिळला. राजानं मान वर केली. केस पांढरे झाले होते त्याचे. तो तिच्याकडं बघत राहिला.

"हेमा, फार उशीर केला का गं मी?"

"केलात," राणी रडत म्हणाली. "उठा आता."

दोघं घरी आली. राज्याची घडी बसली, आणि फासे आजही भिंतीवर आपटूनच टाकतात. राणी मात्र झोपेत अजून हात लांबवी, आणि राजा तो धरी.