दुसरा गेला असेल

एका नदीकाठच्या गावात भिवरा नावाची एक कुंभारीण राहत होती. नवरा चाकावर मडकी घडवायचा, ती माती तुडवायची, भट्टी लावायची. बाईची जीभ तिखट, पण कोणाचं बाळंतपण असो की कोणाचं छप्पर उडालेलं असो, भिवरा न बोलावता हजर.

एके दिवशी सकाळी दोघं गावाला लागूनच असलेल्या खाणीत माती काढायला गेली. नवरा खाली उतरून खणू लागला आणि वरची दरड त्याच्या अंगावर आली. बघता बघता माणूस छातीपर्यंत गाडला गेला.

भिवरा काठावर येऊन बेंबीच्या देठापासून ओरडली, "धावा हो! कोणीतरी धावा!"

अजून कोणी शेतावर गेलेलं नव्हतं. घराघरांतून चुलीचा धूर निघत होता. तिनं तीनदा हाक मारली. कोणी आलं नाही. मग तिनं नुसत्या हातांनी माती उपसली. नखं तुटली, बोटं रक्ताळली. नवरा जिवंत निघाला, पण त्याचा पाय गुडघ्यापासून चेचला गेला होता. तो पुन्हा सरळ झाला नाही. चाकाशी बसणं कायमचं संपलं.

आठ दिवसांनी भिवरा पदर खोचून गावात निघाली. आधी गेली हैबती कोष्ट्याकडे.

"त्या दिवशी माझी हाक ऐकू आली होती का रे?"

"आली की, वहिनी. पण सटवाजी तेली खाणीच्या जवळ राहतो. म्हटलं, तो गेला असेल."

ती तेल्याकडे गेली. तेली मान खाली घालून म्हणाला, "सोनारबुवांची तीन तरणी पोरं आहेत. मला वाटलं, ती धावली असतील."

सोनारबुवा ओसरीवरच बसले होते. ते म्हणाले, "मी दारात येऊन पाहिलं गं. कोणीच धावताना दिसेना. तेव्हा वाटलं, फारसं काही नसेल."

"फारसं काही नसेल?" भिवराच्या कपाळाची शीर ताडताड उडू लागली. "माझा माणूस मातीत गाडला जात होता आणि तुम्ही एकमेकांची दारं बघत बसलात! तुमच्यापेक्षा गावातली कुत्री बरी. एक भुंकलं तर सगळी धावतात!"

त्या दिवसापासून तिनं गावाशी वैर धरलं. गावात कोणाला साधं झाकणही द्यायचं नाही, असा तिचा पण. ती हातांनी चुली थापायची आणि परगावच्या बाजारात नेऊन विकायची. मडकं मागायला आलेल्या बायकांच्या तोंडावर दार लावायची. कोणाच्या घरी आजारपण आलं तरी तिकडे फिरकायची नाही. नवरा म्हणायचा, "पुरे आता." ती म्हणायची, "तुझा पाय परत आला की पुरे करते."

असं वर्ष गेलं. एका दुपारी भिवरा अंगणात चूल थापत होती. तेवढ्यात विहिरीकडून हाक आली, "धावा हो! कोणीतरी धावा!"

भिवरानं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. चिखल मळता मळता ती मनात म्हणाली, "जाईल कोणीतरी. कोष्ट्याचं घर विहिरीला जवळ आहे. तो गेला असेल."

आणि तिचे हात जागच्या जागी थांबले.

मरू दे, असं ती म्हणाली असती तर तिला त्याचं नवल वाटलं नसतं, राग होताच. पण तिच्या मनात आलं ते भलतंच. दुसरा गेला असेल. हैबतीनं तिला सांगितलेलं तेच, अगदी त्याच शब्दांत! वर्षभर ज्या शब्दांना तिनं शिव्या दिल्या, ते तिच्याच डोक्यातून निघाले होते. तिला स्वतःचाच असा संताप आला, की चिखलाचा गोळा भिंतीवर आपटून ती तशीच धावत सुटली.

वाटेत पाहते तर दारादारांत माणसं उभी. कोणी पुढे होईना. जो तो शेजाऱ्याकडे बघत होता.

"ए हैबती!" ती कडाडली. "बघतोस काय? तुझ्या घरातली बाज उचल! येसूकाकू, तुमचा दोर आणा! सोनारबुवा, तिन्ही पोरं विहिरीवर पाठवा, आत्ता!"

नाव घेतलं आणि माणूस हलला. हैबती घरात शिरून बाज घेऊन पळाला. सोनारबुवांची पोरं अनवाणीच धावली. विहिरीचा काठ ढासळून तेल्याची बायको सकू आत पडली होती. कपारीतल्या मुळीला धरून ती लोंबकळत होती आणि वर सटवाजी तेली रडत उभा होता. बाजेच्या चारही पायांना दोर बांधून ती खाली सोडली. सकू कशीबशी बाजेवर आली आणि सगळ्यांनी मिळून ती वर ओढून घेतली.

सटवाजीनं भिवराच्या पायांवर डोकं ठेवलं. सोनारबुवा डोळे पुसत म्हणाले, "पोरी, त्या दिवशी तू अशीच आमची नावं घेतली असतीस, तर आम्ही नक्की आलो असतो."

"म्हणजे चूक माझीच?" भिवराचा आवाज चिरकला. "बुवा, नवरा मातीखाली गेला असताना बाईनं गावाची नावं आठवत बसायची? बुडणाऱ्यानं आधी ठरवायचं, कोणाला बोलवू? आज मीसुद्धा घटकाभर बसून राहिले, म्हणून सांगते. तुम्ही वाईट नव्हता. मीही नव्हते. पण सकू बुडाली असती, तर आपल्या चांगुलपणाचं तिच्या पोरांनी काय करायचं होतं? हाक मारणाऱ्याला शुद्ध नसते. ऐकणाऱ्याला असते ना? मग त्यानं आपलं नाव त्या हाकेत घालून ऐकावं!"

 

पुढे त्या गावात हाक आली की दहा-दहा जण धावत सुटायचे आणि वळणावर एकमेकांवर आपटायचे. भिवरा त्यांच्यातच असायची, आणि धावता धावताही करवादायची, "आता धावतात! माझ्या माणसाचा पाय गेल्यावर अक्कल आली मेल्यांना!"

तात्पर्य: मदतीची हाक ऐकू आली, की ती आपल्यालाच मारली आहे असे समजून निघावे; 'दुसरा गेला असेल' म्हणत चांगली माणसेही घरी बसतात, आणि तिकडे संकटातला माणूस एकटाच राहतो.