सरपंचांच्या दारातला ट्रक

लिलावातून आणलेला लष्करी ट्रक धक्क्याशिवाय सुरू होईना आणि अनसाक्काला धक्का द्यायला गावातलं कुणी येईना. बाईनं ट्रक हाकायचा, हे सर्जेराव सरपंचांना खपत नव्हतं. त्यांनी सगळ्यांना दमच भरला होता, “त्या भंगाराला हात लावाल तर याद राखा!”

अनसाक्कानं बैल जुंपले, ट्रक रखडत ओढत नेला आणि थेट सरपंचांच्या दारात, उताराच्या तोंडाशी उभा करून बैल सोडले.

सरपंच खवळले. तालमीतल्या पोरांवर ओरडले, “ढकला रे हे धूड ओढ्यात!”

अनसाक्का आत बसली आणि तिनं गिअर टाकला. पोरांनी रेटा दिला, ट्रकनं उतार धरला, तिनं क्लच सोडला आणि इंजिन धडधडत जागं झालं.

वळून येऊन ती सरपंचांपुढं थांबली.

“सरपंच, तुमच्या हुकमाशिवाय कुणी धक्का देईना. म्हणून तर तुमच्या दारात आणून लावला!”