हेरंबने जपून ठेवलेली माणसं

एका गावात एक भोळा प्रोग्रॅमर होता. नाव हेरंब. गावात शेतांपेक्षा काचेच्या इमारती अधिक, आणि त्यांतल्याच एकीत तो नोकरीला. वेबसाइट बांधण्याचं एक नवं फ्रेमवर्क कचेरीत त्याला एकट्यालाच येत असे.

एके दिवशी कचेरीच्या प्रमुख मृण्मयी मॅडमनी त्याला बोलावलं. "हेरंब, दूध संघाचं काम मिळतंय. शनिवारी अध्यक्ष तात्यासाहेब येतील. आपल्या लोकांना नवं फ्रेमवर्क येतं असं दिसलं, तर सही करतील. तू सगळ्यांना शिकव. अगदी पहिल्यापासून."

हेरंबने बेत आखला. पहिल्यापासून म्हणजे विजेच्या शोधापासून. संध्याकाळपर्यंत तो दिव्यापर्यंत पोहोचला. श्रोते केव्हाच झोपले होते.

"अरे देवा!" मॅडम म्हणाल्या. "तू गप्प बस. त्यांच्या हातानं होऊ दे. कितीही अडले तरी बोट लावू नकोस."

हेरंबने हे मनात पक्कं केलं. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टरमधून धूर निघाला.

"हेरंब, पेटतंय!" शर्वाणी ओरडली.

हेरंब हाताची घडी घालून बसला. "तुमच्या हातानं होऊ द्या."

इब्राहिमने सतरंजी टाकून आग विझवली. मॅडमनी कपाळाला हात लावला. "धूर दिसला की आधी मेन स्विच पाडायचा आणि सगळ्यांना बाहेर काढायचं. विचारत बसायचं नाही!"

हेही हेरंबने मनात पक्कं केलं. दरम्यान, तो बोलत नसल्यामुळे मंडळी खरोखरच शिकू लागली होती. दूध संघाचं पहिलं पान पडद्यावर उमटलं. तेवढ्यात नामदेवमामा वाफाळता चहा घेऊन आले. हेरंबने मेन स्विच पाडला आणि सगळ्यांना जिन्यावर नेलं. जपून न ठेवलेलं काम गेलं ते गेलंच.

"अहो, तो चहा होता!" मामा म्हणाले.

मॅडमचा आवाज बसला होता. "हेरंब, मेहनतीनं तयार झालेलं आधी जपायचं रे! निम्मं इथं कुलपात, निम्मं वाईच्या शाखेत. सगळं एका जागी ठेवायचं नाही."

हेरंबने मान डोलावली. मंडळींनी पान पुन्हा बांधलं, पहिल्यापेक्षाही देखणं.

शनिवारी तात्यासाहेब आले. टेबलावर करारनामा ठेवला, पेन उघडलं. खुर्च्या मात्र रिकाम्या.

"हेरंब, माणसं कुठायत?"

"जपून ठेवलीत, मॅडम. एवढ्या मेहनतीनं तयार झालेली! निम्मी उजळणीला म्हणून सर्व्हरच्या खोलीत नेली आणि बाहेरून कुलूप घातलं. निम्मी सकाळच्याच गाडीनं वाईला रवाना केली."

तात्यासाहेब हसले. "बरं, आतल्यांना तर भेटू. उघडा कुलूप."

हेरंब अभिमानानं ताठ झाला. "किल्ली वाईला गेली, साहेब. कुलूप आणि किल्ली एका जागी ठेवण्याइतका मी आता मूर्ख राहिलेलो नाही!"

तात्यासाहेबांनी पेन बंद केलं. टेबलावरचा करारनामा उचलला, आणि ते उठले.

हेरंबने अदबीनं त्यांची वाट अडवली. "साहेब, निम्मा इथं ठेवून जा."