गाभाऱ्यातलं पाणी

"बुवा, बोललेला शब्द परत गिळता येतो का हो?"

केरबानं मठाच्या ओट्यावर टेकायच्या आधीच विचारलं. राम राम नाही, पायाला हात लावणं नाही.

मुकिंदबुवा उसवलेली वाकळ शिवत होते. त्यांनी दोरा दातानं तोडला.

"कुठला शब्द?"

"तुम्हाला ठाव हाय. साऱ्या पंचक्रोशीला ठाव हाय."

ठाऊक होतंच. माणदेशातलं ते गाव, त्यात दुष्काळ. पाऊस पडेना म्हणून गावानं रीतीप्रमाणे भैरोबाला पाण्यात घातलं होतं. गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर मातीचा बांध घातला आणि विहिरीच्या तळाशी उरलेलं पाणी घागरी घागरीनं आत ओतलं. देव बुडाला, जीव कासावीस झाला, की पाऊस पाडतो म्हणे. केरबाच्या बायकोनं, येसूनंही आपल्या घागरी तिथंच ओतल्या होत्या.

त्याच आठवड्यात केरबाची थोरली लेक, सुंदा, तापानं फणफणली. पाणी पाणी करू लागली. विहीर उपसून झालेली, झऱ्याचं पाणी पुन्हा साठायला दोन-चार दिवस लागणार, तोवर विहिरीत नुसता गाळ. केरबा तांब्या घेऊन देवळात धावला, तर गुरवानं हात धरला. "यातलं थेंबभर काढलं तरी देव सुटंल. मग पाऊस कशाचा?"

पोर गेली.

केरबा आजवर देवाचीच पदं बांधायचा. ती विद्या बुवांनीच दिलेली. त्यानं एक नवं पद बांधलं, आणि सोमवारच्या भजनात उभा राहून म्हटलं:

तुझ्या गाभारी भरलं तळं, माझ्या घरी सुकलं बाळ
भैरोबा, तू देव कसला, तू तर माझ्या लेकीचा काळ

झालं! गावाच्या अंगाचा तिळपापड झाला. पंचांनी ठरवलं, केरबानं देवळात उभं राहून "हे खोटं" म्हणावं. नाहीतर त्याच्या घराला विहीर बंद.

"घरात तान्ही पोर हाय, बुवा. येसूला पाणी मिळालं न्हाई तर दूधबी आटंल. तुम्ही सांगा, म्हणू का खोटं?"

"पद खोटं आहे?"

"एक अक्षर खोटं न्हाई! असलं पद मी जल्मात बांधलं न्हाई."

या दुःखातही त्याची मान ताठ झाली. कवीची जात!

"अहंकार दिसतोय," बुवा म्हणाले.

"तेवढाच उरलाय."

...

बुवांनी सुई वाकळेत खोचली आणि उठले. "चल."

देवळापुढं गाव जमलं होतं. येसू कडेवर पोर आणि हातात रिकामी घागर घेऊन पायरीपाशी उभी होती. रामजीतात्या पंच पुढं आले. माणूस वाईट नव्हता, पण देवाच्या बाबतीत एकदम कडक.

"बुवा, बरं झालं आलात. तुमचाच चेला. द्या त्याला चार शब्द सुनावून."

बुवांनी गाभाऱ्यात डोकावलं. काळं, गार पाणी. देव दिसतच नव्हता.

"तात्या, याला आत कुणी घातलं?"

"गावानं."

"गुदमरत असेल."

"गुदमरायलाच घातलाय की! त्याबिगर त्याला कळायचं कसं?"

"हे पाप नव्हे?"

"पाप कसलं? वाडवडलांची रीत हाय. आपला देव हाय, आपण रुसायचं न्हाई तर कुणी रुसायचं?"

"मग केरबानं काय केलं?"

"त्यानं शिव्या दिल्या! गाण्यात!" तात्यांचा आवाज चढला. मग एकदम उतरला. "बुवा, हे पाणी आज ना उद्या आटंल, देव पुन्हा कोरडा हुईल. पर गाणं... माझी सून दळताना तेच म्हणत होती. ते कसं आटायचं?"



"केरबा," तात्या म्हणाले, "म्हण बाबा. मी बोललो ते खोटं. एवढंच म्हण अन् घागर भरून घरला जा."

केरबा उंबऱ्यापाशी गेला. त्यानं येसूकडं पाहिलं. येसू गाभाऱ्यातल्या पाण्याकडं बघत होती. तिनं ओतलेलं पाणीही त्यातच होतं, आणि सुंदाला त्यातलं एक भांडंही मिळालं नव्हतं.

"मी... बोललो ते..."

 येसूच्या कडेवरची पोर रडू लागली.

येसूनं घागर पायरीवर पालथी घातली आणि तिथंच खाली बसली. पदराआड पोरीला छातीशी घेतलं.

"बघत काय बसलाय?" ती नवऱ्याला म्हणाली. "सुंदाचं गाणं म्हणा."

 केरबानं डोळे मिटले. ओठ हलले, पण आवाज फुटेना. तुझ्या गाभारी... एवढंच काय ते पुढच्या दोघा-तिघांना ऐकू आलं.

तात्यांनी मान फिरवली. "संपलं. आजपासून याच्या घराला विहीर बंद."

 गर्दीतले सगळे खाली माना घालून उभे.

तेवढ्यात बुवांनी धोतर खोचलं, बांध ओलांडला आणि सरळ गाभाऱ्यात उतरले. गुरव ओरडला, "बुवा, पाणी बाटंल!" बुवांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. कमरेएवढ्या पाण्यात शिरले, खाली हात घालून चाचपलं, आणि देवाच्या डोक्यावर तळवा ठेवून उभे राहिले. थंडीनं त्यांचे दात वाजत होते.



मग तिथूनच त्यांनी हाक मारली.

"केरबा, याच्या कानावरून पाणी गेलंय रे. जरा मोठ्यानं म्हण."